घोड्यांची परीक्षा आणि दानाचा हिशेब
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी मला केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा पेच मजपुढे पडला. इंग्लंडात बरीच वर्षे काढून आलेल्या माणसाने तेथील नामांकित विद्यापीठांविषयी किंवा पार्लमेंटाविषयी सांगावे, अशी श्रोत्यांची साहजिक अपेक्षा असते. मी मात्र आज एका लहानशा खेड्यातील एका लहानशा स्पर्धेची हकीकत सांगणार आहे. ती स्पर्धा घोड्यांची, आणि तीही शर्यत नव्हे. जुगार नाही, पैज नाही, कोण पुढे आणि कोण मागे अशी धावपळ नाही. तिला ‘ड्रेसाज’ म्हणतात. या स्पर्धेतून त्या खेड्यातील मंडळी दरवर्षी अपंग मुलांसाठी पैसा उभा करीत. आपले मंडळही यंदा विद्यार्थी साहाय्य निधी वाढविण्याच्या विचारात आहे. म्हणून घोड्यांची ही गोष्ट अगदीच अप्रस्तुत ठरणार नाही, अशी मला आशा आहे.

ड्रेसाज हा शब्द मूळचा फ्रेंच. जनावरास शिकवून तयार करणे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे पागांमध्ये हे काम करणाऱ्या जाणत्या माणसास चाबूकस्वार म्हणत. युरोपात या विद्येचे मूळ ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक सेनानी झेनोफन याच्या अश्वारोहणावरील ग्रंथापर्यंत नेऊन भिडवितात. घोड्यास मारझोड न करता समजावून शिकवावे, हा त्याचा आग्रह आजही या खेळाचा पाया मानला जातो. आपल्याकडेही शालिहोत्राच्या नावावर अश्वविद्येची परंपरा आहेच. आणि तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत ज्यांनी घोड्यांची चाल पारखणारे शौकीन पाहिले असतील, त्यांना चालीची पारख म्हणजे काय, हे मी सांगावयास नको.

ऑलिंपिक सामन्यांत ड्रेसाजचा प्रवेश १९१२ साली स्टॉकहोम येथे झाला. १९५२ पर्यंत मात्र तेथे केवळ सैन्यातील अधिकाऱ्यांनाच भाग घेता येई. आपल्या देशाला या खेळाची ओळख आता नवी राहिलेली नाही. चीनमधील हांगझोऊ येथे २०२३ च्या सप्टेंबरात भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांच्या चमूने ड्रेसाजचे सुवर्णपदक भारतास मिळवून दिले. अश्वारोहणातील असे सुवर्णपदक १९८२ च्या दिल्लीनंतर, म्हणजे ४१ वर्षांनी आपल्या वाट्यास आले.

आता परीक्षा कशी चालते, ते थोडक्यात सांगतो. ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असे एक आयताकृती रिंगण आखतात. वरच्या दर्जाच्या स्पर्धांत त्याची लांबी ६० मीटर असते. पण खेड्यात लहान रिंगणावरच भागते. रिंगणाच्या कडेने इंग्रजी अक्षरांच्या पाट्या उभ्या असतात. ‘ए’पाशी स्वार आत शिरतो, आणि समोरच्या बाजूस ‘सी’पाशी परीक्षक बसतो. या अक्षरांच्या खुणेने कोठे दुडकी चाल धरावयाची, कोठे मंद दौड घ्यावयाची, कोठे २० मीटरांचे वर्तुळ काढावयाचे आणि कोठे निश्चल उभे राहून अभिवादन करावयाचे, हे आधीच छापून ठरलेले असते. प्रत्येक हालचालीस शून्य ते दहा असे गुण. दहा म्हणजे उत्कृष्ट, पाच म्हणजे बेताचे, चार म्हणजे अपुरे, आणि शून्य म्हणजे ती हालचाल झालीच नाही. साऱ्यांची बेरीज करून शेकडा प्रमाण काढतात. स्वाराची मांड पक्की आहे की नाही, घोडा मोकळ्या मनाने चालतो की लगामाच्या धाकाने, हे सारे त्या गुणांत येते. बाहेरच्या माणसास वाटावे, घोडा आपणहूनच चालला आहे. स्वाराने काही केलेलेच नाही. हीच या विद्येची कसोटी होय.

या खेळाचा आणि अपंगांच्या सेवेचा संबंध काय, अशी शंका आपणांस येईल. तो संबंध एका थोर स्त्रीने जोडून दिला. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईस १९४४ साली पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली तिचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढण्यास आणि उतरण्यास तिला दुसऱ्याचा हात लागे. तरीही १९५२ साली हेलसिंकी येथे, स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला त्याच वर्षी, पुरुषांच्या बरोबरीने उतरून तिने ड्रेसाजमध्ये रौप्यपदक पटकाविले. आणि १९५६ साली पुन्हा एकदा तेच करून दाखविले. ज्याला जमिनीवर धड चालता येत नाही, त्याला घोड्याच्या पाठीवर डौलाने चालता येते, हे जगाने तेव्हा डोळ्यांनी पाहिले. घोडा संथ चालतो तेव्हा स्वाराच्या कमरेस जी हालचाल मिळते, ती माणसाच्या चालण्याशी फार मिळतीजुळती असते. म्हणून अशा मुलांच्या स्नायूंस आणि तोलास तिचा उपयोग होतो. ब्रिटनमध्ये १९६९ साली अपंगांना अश्वारोहण शिकविणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि गावोगावी तिचे गट स्वयंसेवकांच्या बळावर चालू लागले. परंतु घोडा हवेवर जगत नाही. चारा, नालबंद, पशुवैद्य, खोगिरे आणि तबेला, सारा खर्चच. तो भागविण्यासाठी आसपासचे हौशी घोडेस्वार स्पर्धा भरवितात.

मी स्वतः घोडेस्वार नव्हे. लहानपणी एका वरातीच्या घोड्यावर बसविले असता मी मोठ्याने रडलो होतो, एवढाच माझा अनुभव. परंतु त्या खेड्यातील शेजाऱ्यांनी माझे अक्षर चांगले असल्याचे हेरले, आणि मला परीक्षकाचा लेखनिक नेमले. लहान स्पर्धेत परीक्षक ‘सी’पाशी उभ्या केलेल्या आपल्या मोटारीतच बसतात. मोटारीचा भोंगा वाजला की स्वाराने आत यावयाचे. परीक्षक डोळे रिंगणावरून काढीत नाहीत. तोंडाने गुण आणि शेरा सांगत जातात, आणि शेजारी बसलेल्या लेखनिकाने तो त्या त्या ओळीत टिपावयाचा. लेखनिकाने आपले मत द्यावयाचे नाही, चेहऱ्यावरही दाखवावयाचे नाही. हे काम मी काही वर्षे केले, आणि त्या मोटारीच्या खिडकीतून सार्वजनिक कार्य कसे चालते, ते शिकलो.

पहिली गोष्ट शिकलो ती पूर्वतयारीची. आपल्याकडे ‘घोडामैदान जवळच आहे’ असे म्हणतात; तेथे ते म्हणणे अक्षरशः खरे होते, पण मैदानापूर्वी तीन महिने कागदावर काम चाले. प्रत्येक स्वारास ये-जा धरून आठ मिनिटे लागतात. सकाळी साडेनऊला आरंभ करून दुपारी चारला संपवावयाचे म्हटले, तर ३९० मिनिटे हाती येतात. ४० स्वारांस ३२० मिनिटे लागली की परीक्षकाच्या जेवणास आणि विश्रांतीस ७० मिनिटे उरतात. म्हणून एका रिंगणावर ४० हून अधिक अर्ज घ्यावयाचे नाहीत, हा नियम. एकेचाळिसावा अर्जदार कितीही मोठा असला तरी त्यास पुढील वर्षी या, असे नम्रपणे कळविले जाई. रिंगण आखतानाही अंदाजावर विसंबत नसत. चारही कोन काटकोन आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी कर्ण मोजीत. तो दोन्ही बाजूंनी ४४ मीटर ७२ सेंटिमीटर भरला पाहिजे. रिंगण वाकडे असेल तर चांगल्या घोड्याचे वर्तुळही वाकडे दिसते, आणि दोष बिचाऱ्या स्वाराच्या माथी येतो.

शिवाय प्रत्येकास एकच काम नेमून दिलेले असे. एकाने गाड्या कोठे उभ्या करावयाच्या ते पाहावयाचे, आणि चिखल झाल्यास ट्रॅक्टर तयार ठेवावयाचा. एकाने स्वारांना क्रमाने बोलवावयाचे. एकीने गुणांची बेरीज करावयाची, आणि दुसरीने ती पुन्हा तपासावयाची. एकाने प्रथमोपचाराची व्यवस्था पाहावयाची, आणि पशुवैद्याचा व नालबंदाचा दूरध्वनी क्रमांक खिशात ठेवावयाचा. डोक्यावर कठीण टोपी नसलेल्या स्वारास फाटकातूनच परत पाठवावयाचे. मग तो कोणाचा का पाहुणा असेना! त्या देशात प्रत्येक घोड्यास स्वतःचे पारपत्र असते, हे ऐकून आपणांस हसू येईल. पण घोड्याची ओळख आणि इन्फ्लुएन्झाची टोचणी त्यात नोंदलेली असते, आणि एका आजारी घोड्यामुळे साऱ्या गावचे तबेले बंद पडू शकतात.

दुसरी गोष्ट पैशाची. तीच आज मला विशेष सांगावयाची आहे. आपण एक उदाहरण धरू. ४० स्वारांनी प्रत्येकी १५ पौंड प्रवेशशुल्क भरले तर ६०० पौंड जमतात. ऐकावयास रक्कम बरी वाटते. आता खर्च मांडू. मैदानाचे भाडे २००, परीक्षकाचे मानधन व प्रवास ८०, प्रथमोपचार १२०, फितींची पदके आणि छपाई ६०, विमा ४०. बेरीज ५०० पौंड. म्हणजे तीन महिन्यांची धडपड आणि एक संपूर्ण दिवस खर्चून मुलांसाठी उरले फक्त १०० पौंड. हे गणित ज्याने आरंभी मांडले नाही, त्याने धर्मकार्य केले नसून आपली हौस भागविली, असेच म्हणावे लागेल.

यावर तेथील मंडळींनी साधा उपाय काढला होता. खर्चाची प्रत्येक बाब आधीच कोणाच्या तरी पदरी घालावयाची. एखाद्या शेतकऱ्याने कुरण फुकट दिले, आणि एखाद्या दुकानदाराने पदकांचा व छपाईचा खर्च उचलला, की वरच्या हिशेबातील २६० पौंड वाचतात आणि शिल्लक १०० ची ३६० होते. मग स्त्रियांनी घरून करून आणलेल्या केकचे आणि चहाचे टेबल, तसेच भेट मिळालेल्या वस्तूंची सोडत. यांतून आणखी ३०० आले, तर मुलांच्या हाती ६६० पौंड पडतात. म्हणजे साऱ्या प्रवेशशुल्कापेक्षाही अधिक! घोडे लोकांना मैदानावर आणतात, परंतु दान उभे राहते ते चहाच्या टेबलावर, हे रहस्य मला तेथे कळले. सोडतीचा मार्ग मात्र आपण डोळे मिटून उचलू नये. आपल्याकडील त्याविषयीचा कायदा बराच कडक आहे.

आणखी एक बारकावा सांगतो. त्या देशात १९९० पासून ‘गिफ्ट एड’ नावाची एक सवलत आहे. कर भरणाऱ्या माणसाने एक पौंड दान दिला, तर सरकारी तिजोरीतून त्यावर २५ पेन्स त्या धर्मादाय संस्थेस मिळतात. परंतु प्रवेशशुल्कास किंवा चहाच्या किमतीस ही सवलत लागू नाही. कारण तेथे देणाऱ्यास काही मोबदला मिळालेला असतो. म्हणून दानाची पेटी वेगळी, आणि तिच्याजवळ नाव-पत्ता लिहिण्याची पाकिटे. मोबदला घेऊन दिलेला पैसा आणि मोबदल्यावाचून दिलेला पैसा, यांत कायदाही असा भेद करतो. आपण तो मनानेही करावयास शिकले पाहिजे.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे सांगितले, तो सांगतो. एका वर्षी तेथील एका सधन गृहस्थांनी स्पर्धेचा बहुतेक सर्व खर्च उचलला होता. त्यांची मुलगीही स्पर्धेत होती. घोडा देखणा, पोशाख नवा कोरा, आणि वडील रिंगणाबाहेर उभे. मुलीने आत शिरताच घोड्याचा लगाम करकचून आवळला. घोडा मान ताठ करून चालू लागला. वर्तुळाचे झाले अंडे. परीक्षकबाई शांतपणे म्हणाल्या, “चार. हात कठोर आहे. घोड्यास पुढे जाऊ द्यावे.” माझी लेखणी क्षणभर थबकली. ज्यांच्या पैशावर आजची पदके आली, त्यांच्याच मुलीस चार? मी त्यांच्याकडे पाहिले. डोळे रिंगणावरून न काढता त्या म्हणाल्या, “मी सांगते ते लिहिण्यासाठी तुम्ही येथे बसला आहात.” मी चार लिहिले. पुढेही तीनचार ठिकाणी चारच लिहिले.

त्या दिवशी लाल फीत, म्हणजे पहिला क्रमांक, एका जुन्या खोगिरावरच्या मोतद्दाराच्या पोरीस मिळाली. तेथे पहिल्यास लाल, दुसऱ्यास निळी, तिसऱ्यास पिवळी फीत देतात. सधन गृहस्थ एकही शब्द न बोलता गाडीत बसले. पुढल्या वर्षी त्यांनी खर्च उचलण्यास नकार कळविला. समितीची सभा बसली. कोणी म्हणाले, परीक्षक बदलू, जरा सौम्य माणूस आणू. शेवटी पैसा मुलांसाठीच तर हवा आहे! हा युक्तिवाद ऐकावयास गोड होता, आणि खरे सांगतो, क्षणभर मलाही पटला. तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, “ज्या स्पर्धेचे गुण विकत मिळतात, तिच्यात पुढल्या वर्षी १५ पौंड भरून कोण येईल?” परीक्षक बदलले नाहीत.

त्या वर्षी रक्कम कमी जमली, हे मी लपवीत नाही. चांगले वागल्याने लागलीच दुप्पट फळ मिळते, असे पुराणात घडते. त्या खेड्यात घडले नाही. परंतु दोन गोष्टी घडल्या. स्पर्धेनंतर पंधरा दिवसांच्या आत सभागृहाच्या दारावर हिशेबाचा कागद लागला. जमा किती, खर्च किती, मुलांच्या गटास किती दिले, आणि गतवर्षापेक्षा किती कमी, हे सारे त्यात स्पष्ट लिहिले होते. एकाही माणसाने त्यावर कुरकुर केली नाही. आणि दुसरे असे की, ती मुलगी त्या वर्षी पुन्हा आली. वडील नव्हते. प्रवेशशुल्क तिने भरले होते, आणि गेल्या वर्षीची गुणपत्रिका घडी घालून तिने खिशात ठेवली होती. वर्तुळ या खेपेस वर्तुळासारखे निघाले. परीक्षकबाई म्हणाल्या, “सात. हात मोकळा झाला आहे.” ते सात लिहिताना मला जो आनंद झाला, तो माझ्या स्वतःच्या परीक्षांच्या निकालांनीही कधी झाला नव्हता.

बंधुभगिनींनो, आता आपल्या निधीकडे वळतो. मी स्वतः या मंडळाच्या विद्यार्थी निधीतून पुस्तके घेऊन शिकलो आहे; म्हणून पुढील शब्द उपदेशाचे नव्हेत, ऋणाइताचे आहेत. निधीच्या मदतीसाठी आपण नाट्यप्रयोग करतो, गायनाचे कार्यक्रम ठेवतो. सभागृह भरते, टाळ्या पडतात. परंतु हारतुरे, शाली, श्रीफळे, मंडप, ध्वनिक्षेपक आणि अल्पोपाहार यांचा खर्च वजा जाता एखाद्या गरीब मुलाच्या वसतिगृहाचे किती महिने भागतील, हा प्रश्न आपण स्वतःस विचारला आहे काय? कार्यक्रमात खोगीरभरती फार झाली, की घोडा वाकतो आणि स्वार खाली राहतो.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली ही की, निधीच्या कार्यक्रमाचा खर्च वेगळ्या देणगीदारांनी आधीच उचलावा, आणि तिकिटांचा प्रत्येक रुपया विद्यार्थ्यांसाठी राहावा. खर्च उचलणारा न मिळाल्यास शाल वगळावी, विद्यार्थी वगळू नये. दुसरी ही की, हिशेब एका महिन्याच्या आत मंडळाच्या फलकावर लागावा, आणि या स्मरणिकेत छापला जावा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे हिशेबतपासणी तर आपणांस करावीच लागते. परंतु कायद्यासाठी दाखविलेला हिशेब आणि आपल्या माणसांसाठी मांडलेला हिशेब, यांत अंतर आहे. पहिल्याने दंड टळतो, दुसऱ्याने विश्वास वाढतो. आणि तिसरी विनंती सर्वांत अवघड आहे. शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थी निवडताना अर्जावरची नावे झाकून गुण आणि गरज एवढेच पाहावे. देणगीदाराचा भाचा आणि पहारेकऱ्याचा मुलगा यांचे अर्ज एकाच टेबलावर, एकाच मापाने तपासले जावेत. त्यापायी एखादी देणगी कमी झाली तर होऊ द्यावी. ज्याला आज चार गुण मिळाले, त्याचा मार्ग आपण बंद करीत नाही. काय सुधारावे हे त्याला प्रामाणिकपणे सांगून पुढल्या वर्षी पुन्हा बोलावतो.

मला कोणी विचारील की, आपल्या मंडळाने घोड्यांची स्पर्धा भरवावी काय? मुळीच नाही. आपल्याकडे ना कुरण, ना पागा. आपली वक्तृत्वस्पर्धा आहे, भजने आहेत, आपल्या भगिनींच्या हातचे उत्तमोत्तम पदार्थ आहेत. आपल्या घोड्यावर आपण बसावे. परक्याचे घोडे उसने आणू नयेत. मात्र मोजून आखलेले रिंगण, निःपक्षपाती परीक्षक आणि उघडा हिशेब, या तीन वस्तू कोणत्याही देशातून उसन्या आणाव्यात. त्यांवर जकात पडत नाही.

 पुढील संमेलनात या व्यासपीठावरून व्याख्यान होण्यापूर्वी निधीचा हिशेब वाचला जावा, आणि तो ऐकण्यास ज्यांच्यासाठी तो निधी आहे ती मुलेही येथे पहिल्या रांगेत बसलेली असावीत, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.